मयताला आंघोळ कुणी घातली?

जून २०१५. सिएरा लिओनच्या उत्तरेला, गिनीच्या सीमेला लागून असलेला कांबिया जिल्हा. रोज संध्याकाळी जिल्हा इबोला केंद्रात आमची बैठक भरायची. पहिला प्रश्न ठरलेला: आज नवे रुग्ण किती? त्या दिवशी उत्तर आलं, एक. घरीच वारलेली एक बाई, तोंडातून घेतलेला स्वॅब पॉझिटिव्ह. दुसरा प्रश्नही ठरलेला: यादीत होती का?

"नाही."

खोलीत कुणी काही बोलेना. मागे जनरेटरचा आवाज तेवढा येत होता.

सहा महिन्यांपूर्वी याच देशात आठवड्याला पाचशेहून जास्त रुग्ण सापडत होते, तिथे एका रुग्णाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण इबोलाचा विषाणू आजारी माणसाला लक्षणं दिसेपर्यंत त्याच्याकडून दुसऱ्याला लागत नाही, आणि लागण झाल्यावर २ ते २१ दिवसांत आजार उघड होतो. म्हणजे रुग्णाला कोण कोण शिवलं त्यांची यादी हातात असेल आणि त्या प्रत्येकाच्या दारात २१ दिवस रोज कुणी जात असेल, तर त्यातला जो आजारी पडेल त्याला पहिल्याच दिवशी हलवता येतं. साखळी तिथे तुटते. यादीतला माणूस आजारी पडला तर वाईट वाटायचं, पण हातपाय गळायचे नाहीत. यादीबाहेरचा रुग्ण सापडला की समजायचं, याच्यामागे एकजण आपल्या नजरेआड होऊन गेलाय आणि पुढे किती जण आहेत ते आता शोधायचंय.

मी मार्चमध्ये तिथे गेले होते. त्याआधी बरीच वर्षं पोलिओच्या पाहणीत काढली होती, त्यामुळे घरोघर फिरणं, हाताने काढलेले नकाशे, रात्री बसून कुठलं घर सुटलं ते तपासणं, हे सगळं अंगवळणी पडलेलं होतं. नवीन होती ती भीती. एकेका गावात ती इतकी दाट असायची की आमची गाडी दिसली की पोरं आत पळायची.

त्या भीतीला कारणंही होती. साथीच्या सुरुवातीला अँब्युलन्समधून गेलेला माणूस परत यायचा नाही, आणि त्याला कुठे पुरलं तेही घरच्यांना कळायचं नाही. केनेमा शहराच्या रुग्णालयात लासा तापावर, म्हणजे तिकडच्या अशाच एका जीवघेण्या विषाणूच्या तापावर, वर्षानुवर्षं काम केलेले डॉक्टर शेख उमर खान २९ जुलै २०१४ ला स्वतःच इबोलाने गेले. एवढा मोठा डॉक्टर वाचला नाही, तर आम्ही तिथे जाऊन काय वाचणार, असं लोक विचारायचे. या प्रश्नाला उत्तर द्यायला माझी जीभ रेटत नसे. पुढच्याच महिन्यात कायदा झाला, रुग्ण लपवला तर दोन वर्षांपर्यंत कैद. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण मला तो कायम आमच्या वाटेतला धोंडा वाटत आला. ज्याला तुरुंगाची धास्ती आहे, तो नावं सांगत नाही. आणि आमचं सगळं काम नावांवर चालायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. जिल्ह्यात नुकतीच संध्याकाळी सहा ते सकाळी सहा अशी संचारबंदी लागली होती, त्यामुळे सहाच्या आधी हलता येत नसे. पाऊस आणि लाल चिखल. मोटारसायकलवर माझ्यापुढे मास्टर होता. तो त्याच भागातला, तरुण शाळामास्तर. इबोलामुळे शाळा बंद पडल्या तेव्हा या कामाला लागला तो लागलाच. गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही.

तिथल्या क्रिओ भाषेत भेटल्यावर विचारतात, "हाउ दि बॉडी?" शरीर कसं आहे? उत्तर द्यायचं, "बॉडी फाइन." त्या वर्षी या साध्या रामरामालाही वेगळंच वजन आलं होतं. हात मिळवायची बंदी होती, म्हणून आम्ही आपापल्या छातीवर हात ठेवायचो आणि घरापासून चार पावलं लांब उभे राहायचो. आत शिरायचं नाही, कशाला टेकायचं नाही.

त्या बाईच्या अंगणात आम्हाला पहिल्याच दिवशी चौदा नावं मिळाली. नवरा, मुलं, सवत, दीर, शेजारीण. सगळ्यांचं एकच सांगणं: कुणीही शिवलं नाही. ती गेली, आम्ही ११७ ला फोन केला, पथक आलं, स्वॅब घेतला, पुरलं. देशभर तेव्हा हाच नियम होता. मृत्यू कशानेही होवो, ११७ वर कळवायचं, आणि दफन पथकानेच करायचं.

पण स्वॅब घेणाऱ्या मुलाने मला आदल्या रात्रीच एक गोष्ट सांगितली होती. बाईला तीन दिवस जुलाब आणि उलट्या होत होत्या, असं घरचे म्हणाले. आणि अंगावरचं कापड मात्र स्वच्छ, घडीचं. नखं स्वच्छ. डोक्याला नवा रुमाल, आणि रुमालाखाली केस ओले. "कुणीतरी आंघोळ घातलीय," तो म्हणाला, "साबणाचा वास येत होता."

इबोलाने मेलेल्या माणसाच्या अंगावर विषाणू जिवंत रुग्णापेक्षाही जास्त असतात. आणि तिथल्या रीतीप्रमाणे, मग घर मुसलमान असो की ख्रिस्ती, मयताला न धुता पाठवणं म्हणजे त्या माणसाला वाटेतच सोडून देणं. २०१४ च्या मे महिन्यात कैलाहुन जिल्ह्यात एका वैदूबाईची अंत्ययात्रा निघाली होती. त्या एका अंत्यविधीशी जोडता येतील असे इबोलाचे ३६५ पर्यंत मृत्यू तपासात मोजले गेले. त्यामुळे माझ्यापुढे प्रश्न एकच होता: आंघोळ कुणी घातली?

तो सरळ विचारून उपयोग नसतो. "कोण शिवलं?" म्हटलं की सगळे जमिनीकडे बघतात. मास्टरची पद्धत वेगळी होती. तो दिवस मागायचा. ती आजारी पडली तो बाजाराचा दिवस होता का? त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला? शुक्रवारच्या नमाजाला तिचा नवरा गेला, तेव्हा तिच्यापाशी कोण बसलं? त्या रात्री मोठा पाऊस झाला, तेव्हा तिला आत कुणी नेलं? अशी एकेक रात्र उलगडली की माणसं आपोआप येतात. चार दिवसांत चौदा नावांची एकतीस झाली. त्यात रोग कुठून आला तेही सापडलं. दोन आठवड्यांपूर्वी सुकी मासळी विकणारा एक नातेवाईक येऊन तिच्याकडे राहिला होता, तापाने फणफणलेला. तो पुढे शेजारच्या जिल्ह्यात वारला आणि तिथल्या यादीत त्याचं नाव होतंही. त्यांची यादी आणि आमची यादी एकमेकींना कधी भेटलीच नव्हती. दोन कागद, दोन कपाटं. त्याचा मला आजही संताप येतो, कारण ती बाई वाचू शकली असती.

तरी आंघोळ घालणारीचं नाव मिळेना.

दरम्यान घरांभोवती दोरी बांधली गेली आणि बाहेर सैनिक बसले. क्वारंटाइन हा शब्द उच्चारायला सोपा आहे. त्या पाच घरांना तांदूळ दिला गेला, तेलही दिलं. जळण दिलं नाही. विहीर दोरीच्या बाहेर होती. अन्न पोचवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांनी मीठ आणि लहान मुलांचं दूध पाच दिवस उशिरा आणलं. तिसऱ्या रात्री दोन तरुण पळाले. सैनिकांनी मला सकाळी सांगितलं तेव्हा आधी मी चिडले. मग मास्टर म्हणाला, "डॉक्टा, ते पळाले नाहीत. त्यांचं भाताचं रोप लावायचं राहिलंय."

खरं होतं. पावसाळ्याचे दिवस, हीच लावणीची वेळ. २१ दिवस घरात बसायचं म्हणजे वर्षाचं पीक सोडायचं. विषाणूने मरण्याची शक्यता एकीकडे, आणि पोरं उपाशी राहणार याची खात्री दुसरीकडे. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते. त्या दिवशी आम्ही गावप्रमुखाकडे बसलो. पा म्हणायचे सगळे त्यांना, मोठ्या माणसाला तिथे पा म्हणतात. त्यांनी अर्धा तास काही न बोलता ऐकून घेतलं आणि मग गावातल्या बाकीच्या घरांमधून वीस माणसं काढून त्या पाच घरांची रोपं लावून घेतली. पाण्याचे पिंप दोरीच्या आत ठेवले. रमजान चालू होता, म्हणून शेजारच्या बायकांनी रोजा सोडायच्या वेळी दोरीपाशी ताटं ठेवायची, असं ठरलं. ते दोन तरुण दुसऱ्या संध्याकाळी आपण होऊन परत आले आणि दोरीखालून आत जाऊन बसले. सैनिकांची संख्या वाढवून हे झालं नसतं, एवढं मी खात्रीने सांगते.

आणि त्यानंतर लोक बोलायला लागले.

आमच्याबरोबर एक बाई यायची, आदल्या वर्षी इबोलातून वाचलेली. आई, बहीण आणि धाकटा मुलगा गमावून ती उपचार केंद्रातून बरी झाल्याचं प्रमाणपत्र घेऊन एकटी बाहेर पडली होती. ती दोरीपाशी, त्या सवतीसमोर बसली. मी लांब उभी होते. तिने काही विचारलंच नाही. आपल्या आईला आपणच कशी आंघोळ घातली, ते सांगत राहिली. आधी उजवी बाजू, मग डावी. पाणी कोमट केलं होतं. केस विंचरले. "माझ्या हातांना त्या दिवशी लागलं," ती म्हणाली, "आणि त्या हातांनी मी मुलाला घेतलं." सवत रडायला लागली. बऱ्याच वेळाने तिने एक नाव सांगितलं. मयत बाईची मावशी, म्हातारी. नदीपलीकडच्या गावातून रात्री आली, आंघोळ घातली आणि पहाटेच्या होडीने परत गेली. तिला तुरुंगात टाकतील म्हणून सगळ्यांनी शपथ घेतली होती.

आंघोळीच्या दिवसापासून मोजला तर तो सहावा दिवस होता.

ग्रेट स्कार्सिस नदी पावसाळ्यात फुगलेली असते. होडीत बसून पलीकडे गेलो. म्हातारी ओट्यावर शेंगदाणे सोलत बसली होती. मास्टरने लांबून थर्मामीटर तिच्या कपाळासमोर धरला. ३६.४ सेल्सिअस, ताप नाही. मी त्या आकड्याकडे किती वेळ बघत राहिले कोण जाणे. तिने आम्हाला विचारलं, "मला धरून नेणार?" मास्टर म्हणाला, "नाही आई. रोज दोनदा येऊन तुझी तब्येत विचारणार." तिच्या घरातली नऊ नावं आम्ही लिहून घेतली. त्यातली एक सहा वर्षांची नात, जी रोज तिच्या कुशीत झोपायची. त्या रात्रीपासून नातीची चटई वेगळ्या खोलीत गेली.

नवव्या दिवशी सकाळी म्हातारीला ३८.२ ताप होता. रोज्यामुळे अशक्तपणा आलाय, ती म्हणाली. आम्ही अँब्युलन्स बोलावली, ती दोन तासांत होडीच्या धक्क्यावर आली. पहिली तपासणी निगेटिव्ह आली. घरच्यांनी विचारलं, मग सोडा ना. पण लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत घेतलेली निगेटिव्ह तपासणी धरायची नसते. तेवढ्यात रक्तातले विषाणू सापडण्याइतके झालेले नसतात. ७२ तासांनी परत घेतलेली पॉझिटिव्ह आली. पहिल्या घरातला एक मुलगाही त्याच आठवड्यात आजारी पडला. दोघेही यादीतले. संध्याकाळच्या बैठकीत मी "होय, यादीत होते" म्हटलं आणि समोरचा माणूस खुर्चीत मागे टेकला.

उपचार केंद्राबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते पिवळे पोशाख, धुकं धरलेले चष्मे. मी तिथे काम करत नव्हते. मुलगा लवकर पोचला होता, सलाइन आणि काळजी मिळाली, वाचला. म्हातारी सहाव्या दिवशी गेली.

तिचं दफन मला नीट सांगायचं आहे. २०१४ च्या शेवटापासून दफनाची पद्धत बदलली होती. सुरक्षित आणि सन्मानाने, हे दोन्ही शब्द एकत्र आले होते. त्याआधी फक्त पहिला शब्द होता, आणि लोक मयत लपवत होते. म्हातारीसाठी पथकात दोन बायका आल्या, कारण बाईच्या देहाला बाईनेच हात लावायचा. पाण्याची आंघोळ घालता येत नव्हती, म्हणून इमामाने सांगितल्याप्रमाणे पोशाखातल्या त्या दोघींनी कोरडी शुद्धी केली, तयम्मुम. देहाच्या पिशवीवर पांढरं कफन. दुसऱ्या गावी राहणारा, म्हणून यादीबाहेरचा, तिचा थोरला मुलगा आला होता. खड्डा त्यानेच भावकीतल्या माणसांबरोबर खणला. बाकीचं घर क्वारंटाइनमध्ये होतं, नदीपलीकडे. इमाम नमाज पढायला उभा राहिला, तेव्हा मुलाने खिशातून फोन काढून घरी लावला आणि वर धरून ठेवला. पलीकडे मास्टर दोरीच्या बाहेर दुसरा फोन मोठ्या आवाजात धरून उभा होता. पाऊस पडत होता. नमाज संपल्यावरही मुलाने हात खाली घेतला नाही. थडग्यावर नावाची पाटी लावली. क्लोरीनच्या फवाऱ्याचा वास सगळीकडे होता, आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना, केसांना, जेवणालाही तो वर्षभर येत राहिला.

त्या नऊ जणांचे २१ दिवस म्हातारीला घरातून नेलं त्या दिवसापासून मोजले. सकाळ-संध्याकाळ ताप. नातीचा आकडा मास्टर सगळ्यात शेवटी घ्यायचा. ती आता स्वतःच कपाळावरचे केस मागे करून पुढे यायची आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवायची. सतराव्या दिवशी ३७.६ आला. कोणी कोणाला काही बोललं नाही. एका तासाने परत घेतला, ३६.९. उन्हात खेळत होती. त्या एका तासाचं मला वर्णन करता येत नाही.

एकविसाव्या दिवशी पा स्वतः होडीत बसून आले आणि त्यांनी दोरी कापली. नऊच्या नऊ जण उभे होते.

त्या नदीकाठची साखळी तिथे संपली, साथ मात्र संपली नव्हती. ऑगस्टच्या शेवटी आमच्याच जिल्ह्यात दुसऱ्या एका गावात मेलेल्या बाईचा स्वॅब पॉझिटिव्ह आला, पुन्हा यादीबाहेरचा. या वेळी हातात लस होती. गिनीत मार्चपासून तिची चाचणी चालली होती आणि जुलैत निकाल चांगले आले होते. रुग्णाच्या संपर्कातली माणसं आणि त्या माणसांच्या संपर्कातली माणसं, असं कडं करून टोचायची. उणे ६० अंशांखाली ठेवायची ती लस चिखलाच्या रस्त्यांनी गावात आली. लस आली म्हणून याद्यांचं काम सुटेल, असं काहींना वाटलं होतं. पण कड्यात कोण हे ठरणार पुन्हा त्याच कागदावरून, त्याच प्रश्नांतून. बाजाराचा दिवस होता का? जवळ कोण बसलं होतं?

देशातल्या शेवटच्या रुग्णाची दुसरी तपासणी सप्टेंबरच्या अखेरीस निगेटिव्ह आली, तिथून ४२ दिवस मोजायचे होते, २१ चे दुप्पट. त्या ४२ दिवसांत आम्ही जितके स्वॅब घेतले, तितकी धाकधूक होती. ७ नोव्हेंबर २०१५ ला सिएरा लिओनमधली साथ संपल्याचं जाहीर झालं. तोवर एकट्या त्या देशात १४,००० हून जास्त लोकांना लागण झाली होती आणि जवळपास ४,००० माणसं गेली होती. राजधानी फ्रीटाउनला लोक कॉटन ट्री या जुन्या झाडाखाली मेणबत्त्या घेऊन जमले. "इबोला डॉन डॉन," इबोला संपला, असं रेडिओवर दिवसभर चालू होतं.

मला कांबियातच थांबायचं होतं, कारण पुढचे ९० दिवस पाहणी तशीच चालू ठेवायची होती. घोषणेनंतर दोनच दिवसांनी ११७ वरून निरोप आला, नदीपलीकडून, म्हातारीच्याच गावातून. एक आजोबा रात्री झोपेत गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा घर शांत होतं. कुणी पळालं नाही, दार लावलं नाही. आजोबा आतल्या खोलीत होते तसेच, रात्रीच्या कपड्यांत, केस कोरडे. त्यांची मोठी मुलगी बाहेर आली, छातीवर हात ठेवला आणि वहीतून फाडलेला कागद माझ्यासमोर ओट्यावर ठेवून मागे सरकली. गेल्या आठवड्यात आजोबांजवळ कोण कोण बसलं, जेवण कुणी दिलं, पाय कुणी चेपले, अकरा नावं लिहिली होती. शेवटी तिचं स्वतःचं. खाली एक ओळ होती: आंघोळ अजून कुणी घातलेली नाही.

स्वॅब निगेटिव्ह आला.